जुन्या नकाशांचा नाद: कोल्हापुरात राहून सुरुवात कशी करावी

जुन्या नकाशांविषयी विचारायला येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न एकच असतो: ‘किती येतील याचे?’ हातात आजोबांच्या ट्रंकेत सापडलेला घडीचा कागद असतो, नाहीतर कुठल्याशा प्रदर्शनात घेतलेला फ्रेमचा नकाशा. किमतीकडे आपण येऊच, पण ती बरीच पुढची पायरी आहे. आधी कागद ओळखावा लागतो, मग छपाई, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे नकाशात दाखवलेला मुलूख. या बाबतीत कोल्हापूरकराचं पारडं जड आहे. लंडनच्या व्यापाऱ्याला ऑर्टेलियस आणि ब्लाऊ हे जुने युरोपीय नकाशाकार तोंडपाठ असतील, पण पन्हाळा पंचगंगेच्या चुकीच्या काठावर पडलाय हे त्याला दिसणार नाही. ते तुम्हाला पाहताक्षणी दिसतं. म्हणून नवख्या माणसाला मी एकच सांगतो, जगाचे नकाशे नंतर. आधी आपल्या पायाखालचे.

पहिली पायरी: विषय आवळून घ्या

‘जुने नकाशे’ हा विषय अफाट आहे. १५७० साली ऑर्टेलियसनं अँटवर्पमध्ये पहिला आधुनिक ॲटलास काढला, तेव्हापासून छापलेले नकाशे धरले तरी आयुष्य पुरणार नाही, आणि खिसा त्याहून आधी रिकामा होईल. कोल्हापुरातून करण्यासारखे विषय असे: दक्षिण महाराष्ट्रातली संस्थानं, रत्नागिरीपासून गोव्यापर्यंतचा किनारा, रेल्वेचे नकाशे, जुन्या मराठी शालेय ॲटलासची पानं, आणि सर्व्हे ऑफ इंडियाचे इंची नकाशे. माझं मत विचाराल तर शेवटचा घ्या. स्वस्त आहे, मिळण्यासारखा आहे आणि शिकवतो भरपूर.

या नकाशांचे क्रमांक कसे पडतात ते एकदा समजून घेतलं की रद्दीच्या ढिगातूनही आपला मुलूख बाहेर काढता येतो. सर्व्हेनं देशाचे चार अंश लांब, चार अंश रुंद असे मोठे तुकडे पाडले. आपला तुकडा ४७ क्रमांकाचा: उत्तर अक्षांश १६ ते २०, पूर्व रेखांश ७२ ते ७६. त्याचे एकेका अंशाचे सोळा भाग, त्यांना ए ते पी अशी अक्षरं. अक्षरं वायव्य कोपऱ्यातून सुरू होऊन वरून खाली उतरतात, मग शेजारच्या उभ्या ओळीत पुन्हा वरून. कोल्हापूर येतं ४७ एलमध्ये. त्या एलचे पुन्हा तसेच सोळा तुकडे, प्रत्येक पंधरा मिनिटांचा. कोल्हापूर शहराचा बहुतेक भाग ४७ एल/२ मध्ये, पूर्वेकडची बाजू एल/६ मध्ये. पन्हाळा आणि जोतिबा एल/१ मध्ये, कागल आणि इचलकरंजी एल/६ मध्ये, गडहिंग्लज एल/८ मध्ये. एका मैलाला एक इंच म्हणजे १:६३,३६० हे जुनं प्रमाण. १:५०,००० लिहिलेलं असेल तर तो मेट्रिक काळातला, म्हणजे स्वातंत्र्यानंतरचा. तो वापरायला छान, जुना म्हणून घेऊ नका. ४७ एलचा सोळा पानांचा संच पुरा करणं हे वर्षानुवर्षं पुरेल असं काम आहे, आणि निम्मा झाला तरी आनंदात काही कमी पडत नाही.

दुसरी पायरी: विकत घेण्याआधी भरपूर पाहा

काही महिने पैसे खिशातच ठेवा. इंटरनेटवर डेव्हिड रमझी यांचा नकाशासंग्रह फुकट पाहता येतो, तोही इतका मोठा करून की कोरीव कामाची रेघ न रेघ दिसते. भारताच्या जुन्या छापील नकाशांवर सुझन गोल यांनी केलेलं काम मिळालं तर जरूर वाचा. कुठला नकाशा कुणी कुणावरून उतरवला हे त्यातून कळतं. आपल्याकडे कोल्हापूर पुरालेखागारात करवीर संस्थानची दप्तरं आहेत. रीतसर अर्ज करा, काय शोधताय ते नेमकं लिहा आणि पेन घरी ठेवून पेन्सिल न्या. १८५० सालचं करवीर नगर वाचन मंदिर आणि शिवाजी विद्यापीठाचं ग्रंथालय इथे जुनी गॅझेटियर आणि इतिहासाची पुस्तकं चाळता येतील. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा चोविसावा खंड कोल्हापूरचा, १८८६ सालचा. त्यातली गावांची नावं, नद्या, रस्ते एका वहीत उतरवून ठेवा. पुढे साल काढताना ही वही कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त उपयोगी पडते.

तिसरी पायरी: भिंग लावा

गुजरीत सराफ वापरतात तसलं दहापट भिंग घ्या. दुसरी वस्तू म्हणजे नोटा तपासायची जांभळी टॉर्च. या दोन वस्तूंनी बाजारातली निम्मी फसवणूक पकडता येते.

भिंगाखाली रंगाचे बारीक, शिस्तीत मांडलेले ठिपके दिसले तर ती ऑफसेटची आधुनिक छपाई. नकाशावर साल काहीही असो, तो आपल्या काळातला. तांब्याच्या पत्र्यावर कोरलेल्या नकाशात असे ठिपके नसतात, रेघा असतात. शाई कागदावर किंचित उंचावलेली लागते आणि चित्राभोवती पत्र्याच्या कडेचा दाब उमटलेला असतो. बोट फिरवलं की तो खळगा कळतो. अर्थात कडा छाटलेल्या असतील तर हा दाब गेलेला असू शकतो. १८२० नंतर पोलादी पत्रा आला. रेघा जास्त बारीक, जास्त थंड दिसतात. १८५१ च्या सुमाराचे टॅलिस या लंडनच्या प्रकाशकाचे नकाशे, कडेनं हत्ती, देवळं आणि घाटांची चित्रं असलेले, याच प्रकारातले. शिळाछापात, म्हणजे दगडावरून केलेल्या छपाईत, दाबाची खूण नसते, रेघ सपाट आणि थोडी मऊ असते. आपल्याकडच्या एकोणिसाव्या शतकातल्या सरकारी नकाशांचा मोठा भाग शिळाछापाचा किंवा जस्ताच्या पत्र्यावरून छापलेला, त्यामुळे दाबाची खूण नाही म्हणून लगेच नकली म्हणू नका.

मग कागद उजेडासमोर धरा. साधारण १८०० च्या आधीच्या हातकागदात समांतर रेषांची जाळी दिसते, कधी जलचिन्हही. नंतरचा कागद सलग असतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लाकडाच्या लगद्याचा कागद आला, तो पिवळा पडतो आणि घडीवर तुटतो. जांभळी टॉर्च अंधारात मारा. कागद निळसर पांढरा चमकला तर त्यात साधारण १९५० नंतर वापरात आलेली चमक आणणारी रसायनं आहेत.

चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुना’ केलेला कागद सगळीकडे सारखा तपकिरी असतो. खरं वय असं सारखं येत नाही. कडा जास्त काळवंडतात, फ्रेममध्ये झाकलेला भाग फिका राहतो, बुरशीचे तांबूस ठिपके कुठेही उठतात. कडा मेणबत्तीवर जाळलेला नकाशा दिसला तर नमस्कार करून पुढे चला.

रंगाचं प्रकरण थोडं नाजूक आहे. जुने नकाशे काळ्या शाईत छापून हातानं रंगवत. जुना हिरवा तांब्यापासून केलेला असे; तो कागद खातो आणि मागच्या बाजूला तपकिरी डाग उमटवतो. असा डाग हा रंग जुना असल्याचा चांगला पुरावा. उलट, घडीच्या भेगेत किंवा फाटलेल्या धाग्यांत रंग शिरलेला दिसला तर कागद फाटल्यावर रंग चढलाय. जर्मनीतल्या होमान आणि झॉयटर या नकाशाकारांच्या नकाशांत शीर्षकाची नक्षी बहुधा बिनरंगाची ठेवत. ती भडक रंगात दिसली तर रंग नंतरचा असण्याची शक्यता मोठी. नंतर रंगवलेला नकाशा टाकाऊ नसतो, पण ‘मूळ रंग’ म्हणून त्याचे पैसे मोजू नयेत.

ॲटलासमधून काढलेल्या मोठ्या नकाशाला मधोमध घडी असतेच, आणि मागे तो पुस्तकात शिवायला लावलेल्या पट्टीचा माग. सतराव्या शतकातला म्हणून दाखवलेल्या मोठ्या नकाशाला घडीचा मागमूस नसेल तर दोन प्रश्न जास्त विचारा. ऑर्टेलियस, ब्लाऊ यांच्या नकाशांच्या पाठीवर छापील मजकूर असतो. तो कुठल्या भाषेत आहे त्यावरून आवृत्ती कळते, म्हणून फ्रेममधून काढून मागची बाजू पाहिल्याशिवाय व्यवहार करू नका.

चौथी पायरी: साल काढा

हा छंदाचा सगळ्यात गोड भाग, आणि इथेच स्थानिक माणूस वरचढ ठरतो. नियम सोपा: नकाशात दिसणारी सर्वांत अलीकडची गोष्ट शोधा. नकाशा त्याआधीचा असू शकत नाही. मात्र एखादी गोष्ट दिसत नाही म्हणून नकाशा तिच्या आधीचा, असं ठामपणे म्हणता येत नाही. नकाशे काढणारे आळशीही असत.

आपल्याकडच्या खुणा घ्या. मिरज–कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली. कोल्हापूरपर्यंत चालू रेल्वेची रेघ असेल तर नकाशा त्यानंतरचा. १८८६ च्या गॅझेटियरमध्ये ती असू शकत नाही, आणि कुणी त्या सालाचा म्हणून रेल्वेसकट नकाशा दाखवत असेल तर एक तर साल खोटं, नाहीतर रेघ फक्त नियोजित मार्गाची. शहराच्या नकाशात नवा राजवाडा असेल तर १८८४ च्या आसपासचा किंवा नंतरचा. राधानगरीचा जलाशय पूर्ण भरलेला दिसतोय? धरणाचं काम शाहू महाराजांच्या काळात सुरू झालं, पण पुरं झालं स्वातंत्र्यानंतर. कोल्हापूर संस्थान वेगळ्या रंगात असेल तर राज्यकारभाराचं चित्र १ मार्च १९४९ च्या आधीचं, कारण त्या दिवशी ते मुंबई राज्यात विलीन झालं. ब्रिटिश काळातल्या बऱ्याच नकाशांत कंपनीचा किंवा सरकारचा मुलूख गुलाबी-तांबडा आणि संस्थानं पिवळी असतात. तो पिवळा रंग सलग नसून मध्येच दुसऱ्याचा मुलूख घुसलेला, कुठे एखादं गाव एकटंच पडलेलं असा दिसला तर नकाशा काळजीनं काढलाय असं समजा. सातारा स्वतंत्र राज्य म्हणून दिसत असेल तर १८४८ च्या आधीची स्थिती. पेशव्यांचा मुलूख असेल तर १८१८ च्या आधीची.

‘स्थिती’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. नकाशात दाखवलेला काळ आणि नकाशा छापल्याचा काळ एक असेलच असं नाही. मालवणचा सिंधुदुर्ग पाहा. १७६५ मध्ये इंग्रजांनी तो कोल्हापूरकरांकडून घेतला आणि त्याला फोर्ट ऑगस्टस असं नाव दिलं. पुढच्याच वर्षी किल्ला परत करावा लागला. म्हणून जुन्या नकाशात फोर्ट ऑगस्टस वाचलं तर एवढंच म्हणायचं: १७६५ नंतरचा. इंग्रजांचा अंमल दाखवलाय म्हणून १७६५–६६ मध्येच छापला, असं कुणी गळ्यात मारू पाहील, तर मारून घेऊ नका. नाव एकदा कोरलं की पुढचे नकाशेवाले ते डोळे झाकून उतरवत राहतात. तांब्याचे आणि पोलादाचे पत्रेही पुन्हा पुन्हा वापरले जात. मालक बदलला की प्रकाशकाचं नाव खोडायचं, नवी रेल्वे कोरायची आणि ‘नवा नकाशा’ म्हणून विकायचा. टॅलिसचे पत्रे असेच पुढे दुसऱ्या प्रकाशकाकडे गेले.

सतराव्या-अठराव्या शतकातल्या युरोपीय नकाशांत आणखी एक गंमत दिसेल. किनारा नावांनी गजबजलेला: वेंगुर्ला, राजापूर, मालवण, गोवा. घाट चढून वर आलं की ओसाड! जहाजं किनाऱ्याला लागत, वखारी तिथे होत्या. घाटमाथ्याची माहिती ऐकीव. बंगालची मोजणी करणाऱ्या रेनेल या इंग्रज अधिकाऱ्यानं १७८२ मध्ये हिंदुस्थानचा नकाशा काढला तेव्हासुद्धा मराठी मुलखाचा अंतर्भाग बंगालइतका तपासलेला नव्हता. म्हणून त्या काळच्या नकाशात कोल्हापूर किंवा पन्हाळा ‘कोलापूर’, ‘पनाला’ अशा कुठल्याही रूपात सापडलं तरी त्या नकाशाकडे दोनदा पाहा. ते चुकीच्या जागी असेल, आणि तसंच असू द्या.

सर्व्हेच्या नकाशात साल काढायला डोकं कमी आणि डोळे जास्त लागतात. खालच्या समासात पाहणीचं वर्ष, आवृत्तीचं वर्ष आणि छपाईचं वर्ष वेगवेगळं दिलेलं असतं. विक्रेता नेहमी त्यातलं जुन्यात जुनं सांगतो. तुम्ही तिन्ही लिहून घ्या. ४७ एल असे क्रमांक असलेला नकाशा विसाव्या शतकातला, कारण ही पद्धतच तेव्हा आली. १८२७ पासून निघालेल्या ‘इंडियन ॲटलास’ या आधीच्या सरकारी नकाशामालेच्या पानांचे क्रमांक निराळे.

पाचवी पायरी: शोध

रद्दीची दुकानं, लक्ष्मीपुरीचा रविवारचा बाजार, जुने वाडे उतरवताना निघालेलं सामान, पाटबंधारे किंवा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेल्या साहेबांच्या घरातल्या गोल नळ्या, शाळांची भिंतीवरची जुनी गुंडाळी. रद्दीवाल्याला एकदा सांगून ठेवा की घडीचा, कापडावर चिकटवलेला नकाशा आला तर फाडू नकोस, कळव. चहा पाजला तर तो लक्षात ठेवतो. मोठ्या मालासाठी मुंबईच्या फ्लोरा फाउंटनच्या पदपथावरचे पुस्तकवाले आणि चोरबाजार आहेतच, शिवाय ऑनलाइन लिलाव.

एक गोष्ट कधीच करू नका. जुना ॲटलास पूर्ण असेल तर त्यातली पानं सुटी करून विकत घेऊ नका, करायलाही सांगू नका. आणि ग्रंथालयाचा किंवा कार्यालयाचा शिक्का असलेला नकाशा समोर आला तर तो रीतसर रद्दबातल झाल्याची खूण मागा. ती नसेल तर सोडा, कितीही आवडला तरी.

सहावी पायरी: आता किंमत

ढोबळ मांडणी अशी. शालेय ॲटलासची सुटी पानं शेकड्यांत; एकोणिसाव्या शतकातले भारताचे पोलादी किंवा शिळाछाप नकाशे हजारांत; सतराव्या-अठराव्या शतकातले तांब्यावर कोरलेले, नावाजलेल्या हातचे नकाशे दहा हजारांपासून लाखांपर्यंत. याहून बारीक आकडा सांगणारा माणूस बहुधा विकायला बसलेला असतो.

किंमत ठरवताना आधी ओळख पक्की करा: शीर्षक, करणारा, मूळ ॲटलास, आवृत्ती. मोजमाप कागदाचं नको, छापलेल्या भागाचं घ्या. मग तोच नकाशा प्रत्यक्ष *विकला गेल्याच्या* दोन-तीन नोंदी शोधा. दुकानदाराच्या संकेतस्थळावर लिहिलेली किंमत ही मागणी आहे, भाव नव्हे. वर्षानुवर्षं तीच किंमत तिथे पडून असते. लिलावातल्या बोलीवर वीस-पंचवीस टक्के लिलावघराचं कमिशन चढतं, बाहेरून मागवलात तर टपाल, कस्टम आणि जीएसटी वेगळं. हा सगळा हिशेब करून तुलना करा.

त्यानंतर वजावट. समास छाटलेले, चित्राच्या आत फाटलेलं, सेलोटेपचे पिवळे पट्टे, लॅमिनेशन. लॅमिनेशन केलेला नकाशा संग्राहकाच्या दृष्टीनं संपला; तो घ्यायचाच असेल तर चित्र म्हणून घ्या. घडीवरची छोटी फाट, मागून नीट दुरुस्त केलेली, फारशी किंमत पाडत नाही. वाळवीनं समास खाल्लेला चालेल, कोल्हापूरच खाल्लेलं चालणार नाही.

शेवटी स्थानिक भर. एखाद्या नकाशात करवीरची माहिती असामान्य असेल, हातानं मोडीत नोंदी केलेल्या असतील, कुठल्या जहागिरीच्या दप्तरातून आल्याचा पुरावा असेल, तर बाजारभावापेक्षा थोडं जास्त द्यायला हरकत नाही. पण हे जास्त तुमच्या हौसेचं आहे. विकायला जाल तेव्हा पुण्या-मुंबईचा व्यापारी ते मोजेलच असं नाही. गुंतवणूक म्हणून या छंदात पडू नका. सोनं आहे त्यासाठी.

पहिल्या वर्षी चार-पाच हजारांची मर्यादा घाला आणि एकाच महागड्या नकाशाऐवजी वेगवेगळ्या छपाईचे तीन-चार साधे नकाशे घ्या. एक शिळाछाप, एक पोलादी, एक सर्व्हेचा. हातात घेऊन शिकलेलं फोटो पाहून येत नाही.

सातवी पायरी: कोल्हापूरच्या पावसात नकाशा जपणं

आपल्याकडे जून ते सप्टेंबर हा कागदाचा शत्रू. बुरशी, कसर, झुरळं, वाळवी सगळी तेव्हाच येतात. नकाशे सपाट ठेवा. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, लाकडाच्या फळीला थेट न टेकवता. बाहेरच्या भिंतीला लागून असलेलं कपाट टाळा. पीव्हीसीचे फोल्डर घेऊ नका, पॉलिएस्टरच्या पारदर्शक पिशव्या चालतात, पण पावसाळ्यात हवाबंद करू नका. डांबरगोळी किंवा कडुलिंबाचा पाला कागदाला चिकटून ठेवायचा नाही. दिवाळीच्या साफसफाईत सगळे नकाशे बाहेर काढा, पण अंथरुणांसारखं त्यांना ऊन दाखवू नका. सावलीत, संथ पंख्याखाली, तासभर पुरे.

आणि तळमजला नकोच. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीसारख्या भागांत काय झालं ते सांगायला नको. नकाशा भिजलाच तर चिकटलेली पानं ओढून सोडवू नका. साधारण दोन दिवसांत बुरशी धरते. तेवढ्यात वाळवणं जमणार नसेल तर प्लास्टिकमध्ये सैल गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवा आणि कागद-संवर्धनाचं काम करणाऱ्याला गाठा.

फ्रेम करताना कारागिराला समोर बसून सांगा: फेविकॉल नको, हार्डबोर्डला थेट चिकटवणं नको, दोन्ही बाजूंनी आम्लरहित माउंट, आणि नकाशा वरच्या कडेला जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्यांवर गव्हाच्या खळीनं टांगलेला. काच कागदाला टेकता कामा नये. उन्हाची तिरीप येणाऱ्या भिंतीवर लावायचाच असेल तर मूळ नकाशा पेटीत ठेवून त्याची रंगीत प्रत लावा. पाहुण्यांना फरक कळत नाही.

आठवी पायरी: कायदा आणि वही

१९७२ च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते. ऐतिहासिक महत्त्वाच्या हस्तलिखितांना ही मर्यादा पंचाहत्तर वर्षांची आहे, त्यामुळे मोडीतला हाती काढलेला नकाशा या अंगानेही पाहावा. अशी वस्तू देशाबाहेर पाठवता येत नाही. परदेशातल्या भाच्याला भेट म्हणून नेता येईल का, असं विचारणारे असतात. आधी पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करा. पुरावशेषांचा व्यापार करायला परवाना लागतो, म्हणजे दोन नकाशांची अदलाबदल वेगळी आणि दुकान थाटणं वेगळं. सर्व्हेच्या काही नकाशांवर, विशेषतः सीमा आणि किनाऱ्याच्या, फक्त सरकारी वापरासाठी असल्याचा शिक्का असतो. ते विकत घेण्याच्या, स्कॅन करून पसरवण्याच्या फंदात पडू नका.

प्रत्येक नकाशाची नोंद वहीत करा: शीर्षक, करणारा, साल आणि ते कशावरून काढलं, मोजमाप, दोष, कुणाकडून घेतला, किती दिले. पावती त्याच पानाला जोडा, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. नकाशाच्या पाठीवर पेनानं काही लिहू नका. क्रमांक हवाच तर कोपऱ्यात मऊ पेन्सिलीनं, हलक्या हातानं. वही घरात कुठे आहे हे घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या, नाहीतर तुमच्यामागे सगळा संग्रह किलोच्या भावानं त्याच रद्दीवाल्याकडे जायचा.